मागच्या अंगणातला खेळदिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आमच्या इंदूरच्या घरामागच्या अंगणात तेरा ते सतरा वयाची चोवीस पोरं दिवसभर खेळतात. माझे यजमान त्याला धिंगाणा म्हणतात, पोरं टूर्नामेंट म्हणतात. रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंतच्या ओळखीच्या बायका फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

अंगण केवढं हवं?

आमचं अंदाजे तीस बाय चाळीस फूट आहे. त्यात एक पेरू, एक तुळशीवृंदावन आणि कपडे वाळत घालायची तार. तार त्या दिवशी काढावी लागते, कारण ती बरोबर पंधरा वर्षांच्या मुलाच्या गळ्याच्या उंचीवर येते. खो-खोचं पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे साधारण ८८ बाय ५२ फूट. एवढं अंगण आता कोणाकडे उरलंय? पुरुषांच्या कबड्डीचं मैदानही १३ बाय १० मीटर असतं. तेव्हा खेळासाठी अंगण शोधत बसू नका, अंगणाच्या मापाने खेळ कापून घ्या. पंधरा बाय वीस फूट असेल तरी तीन-तीन गड्यांची लगोरी छान होते.

गच्चीवर घेऊ का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. पळापळीचा एकही खेळ गच्चीवर नको. कठडा कितीही उंच असला तरी नको.

जमिनीची तयारी काय करायची?

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली झाली की साबणासारखी होते. धूळ बसावी म्हणून आदल्या संध्याकाळी हलका सडा घालायचा, नळी सोडायची नाही. पहिल्या वर्षी यजमानांनी उत्साहाने पाइप लावला. सकाळी पहिला गडी धावला तो थेट तुळशीपर्यंत घसरत गेला.

खडे, खिळे, काचा वेचा. मांजाही वेचा. संक्रांत जवळ आली की झाडांत आणि कुंपणावर तुटलेला मांजा लोंबत असतो, आणि बंदी असूनही त्यात नायलॉनचा सापडतो. तो हाताने ओढू नका, कात्रीने कापा.

रेषा मारायला चुना वापरू नये, डोळ्यांत गेला तर भाजतो. पांढरी रांगोळी घ्या. ती दुपारपर्यंत पुसली जाते, तेव्हा पिशवी हाताशी ठेवा.

कोणत्या महिन्यात घ्यावं?

मे महिन्यात सुट्टी असते, पण पारा चाळिशीपार जातो. जूनच्या मध्यानंतर पावसाचा नेम नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी परीक्षा असतात, दहावी-बारावीच्या घरात तर मोठ्याने हसलेलंही चालत नाही. राहतो डिसेंबरचा शेवटचा आठवडा. सकाळी दव असतं, म्हणून साडेनऊच्या आधी सुरू करू नका. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा शेवटचा खेळ पाचला संपलेला बरा. जानेवारीचा दुसरा आठवडा सोडाच. तेव्हा सगळी पोरं पतंगांमागे असतात.

मुलं किती, संघ किती?

चार संघ, प्रत्येकी सहा. यामागे साधं गणित आहे. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर चार संघांचे सहा सामने होतात, पाचांचे दहा आणि सहांचे पंधरा. सामना बारा मिनिटांचा आणि मध्ये पाच मिनिटं धरली, तर सहा सामने एक तास चाळीस मिनिटांत उरकतात. दहांना जवळजवळ तीन तास लागतात. आम्ही एकदा पाच संघ केले होते. प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा बसायचा, आणि पंधरा वर्षांची सहा रिकामी पोरं काय काय करू शकतात ते मला तेव्हा कळलं.

चार संघांत दोन खेळतात, तिसरा पंचगिरी करतो आणि चौथा खातो.

संघ कसे पाडायचे?

सगळ्या दिवसाचं मर्म इथे आहे. खेळ कोणतेही ठेवा, जेवण कसंही होवो, संघ चुकले की दिवस फसतो.

आपण लहानपणी जे केलं तेच मी पहिल्या वर्षी केलं. चार कप्तान पुढे उभे केले आणि म्हटलं, आळीपाळीने भिडू निवडा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसमोर हे करण्याइतकी वाईट गोष्ट नाही. शेवटी एक मुलगा उरला. कोणी त्याला काही बोललं नाही, पण तो दिवसभर पेरूच्या झाडाला टेकून होता आणि पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या आईने अभ्यासाचं कारण सांगितलं. मी काय ते समजले.

दुसऱ्या वर्षी मीच यादी केली. तर ‘काकूंनी त्यांच्या भाच्याला चांगला संघ दिला’ असं सुरू झालं. खरं सांगायचं तर थोडा दिलाच होता.

आता असं करतो. आदल्या संध्याकाळी चारही कप्तानांना घरात बोलावते, चहा देते आणि वीस नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवते. त्यांनी चौघांनी मिळून पाच-पाचांचे चार गट पाडायचे. कोणता गट कोणाला मिळणार हे मात्र त्यांना ठाऊक नसतं, ते नंतर चिठ्ठ्या टाकून ठरतं. कमकुवत गट आपल्याच पदरात पडू शकतो हे कळल्यावर ही पोरं जे काट्यावर तोलून गट पाडतात, ते पाहण्यासारखं असतं. ‘ही पळते चांगली, पण तिच्यासोबत तो नको, नाहीतर जड होईल.’ ‘हे दोघे सख्खे भाऊ एकत्र ठेवले तर दिवसभर भांडतील, वेगळे कर.’ मला जे कळलं नसतं ते त्यांना कळतं. यादी तिथेच फाडायची. कोण आधी घेतला आणि कोण नंतर, हे कोणालाच कळता कामा नये.

कप्तान कोण? आधी कधीच कप्तान न झालेलं कोणीही. सगळ्यात जोरात ओरडणारा मुलगा कप्तान नकोच, तो न होताही हुकूम सोडतोच.

संघांची नावं?

त्यांची ती ठेवतात. आमची एकच अट, नाव इंदुरातल्या जागेचं हवं. राजवाडा, सराफा, छप्पन, कृष्णपुरा, लालबाग अशी नावं आली आहेत. ‘सराफा’ नावावरून दरवर्षी मारामारी होते. रात्री खाऊगल्ली होते तोच सराफा ना, मग होणारच.

मुलं-मुली एकत्र खेळू शकतात का?

खेळतात आणि छान खेळतात. फक्त धरपकडीचे खेळ नकोत. कबड्डी घ्यायचीच तर स्पर्शाची घ्या. चढाई करणाऱ्याला पकडायचं नाही. बचाव करणाऱ्याने त्याच्या पाठीला खोचलेला रुमाल काढला की तो बाद. यात चपळ मुली धिप्पाड मुलांना सहज चकवतात, त्यामुळे मुलांची घमेंड अकरा वाजेपर्यंत उतरलेली असते.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. खालच्या न्हाणीघरात सॅनिटरी पॅड, झाकणाची कचराडबी आणि आतून नीट लागणारी कडी असू द्या. तिथलं सामान कोणालाही न विचारता घेता आलं पाहिजे.

कोणते खेळ ठेवावेत?

चार पुरतात. सात-आठ ठेवले की नियम समजावण्यात दिवस जातो.

लगोरी हवीच. इथली हिंदी बोलणारी मुलं तिला सितोलिया म्हणतात आणि सात दगड रचून खेळतात. फरशीचे तुकडे घेऊ नका, कडा लागतात. सुताराकडून प्लायवुडच्या सात चकत्या कापून घ्या, खालची मोठी आणि वरची लहान. चेंडू मोज्यांचा, म्हणजे पाठीत बसला तरी हसू येतं. एका संघाने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि दुसऱ्या संघाने चेंडू मारून बाद करण्याआधी त्याच संघाने ती पुन्हा रचायची, एवढाच नियम.

दुसरा खेळ आट्यापाट्या. मूळ खेळात नऊ पाट्या असतात आणि मधून उभी सूरपाटी जाते. आम्ही चारच पाट्या आखतो. प्रत्येक पाटीवर एक राखणदार, त्याने आपल्या रेषेवरच सरकायचं. पाचवा सूरपाटीवर पळतो. सहावा राखीव. समोरच्यांनी स्पर्श न होऊ देता पार जायचं आणि परत यायचं. आजच्या मुलांनी हा खेळ पाहिलेला नसतो, त्यामुळे सगळे सारखेच अडाणी असतात. पहिल्या पाच मिनिटांत गोंधळ होतो, मग जे रंगतं ते थांबवणं कठीण जातं. माझ्या मते अंगणासाठी याहून चांगला खेळ नाही.

तिसरी रस्सीखेच. ऑलिंपिकमध्ये १९०० ते १९२० या काळात तीही होती, हे सांगितलं की पोरं जरा गंभीर होतात. दोर जाड सुती हवा. बारीक नायलॉनची दोरी हात कापते. आणि एक नियम मोडला तर खेळ तिथेच बंद : दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही.

चौथा आमचा घरचा, ‘आणा पाहू’. सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि स्वयंपाकघरातल्या एका वस्तूचं नाव मराठीत उच्चारतात. रोळी. पळी. झारा. कालथा. सांडशी. परात. संघातल्या एकाने पळत जाऊन फळीवर मांडलेल्या वीस-पंचवीस वस्तूंतून ती आणायची. इंदूरची मराठी मुलं घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात, त्यामुळे ‘सांडशी’ला ‘ते पकड’ आणि ‘झारा’ला ‘वो छेदवाला’ म्हणतात. रोळी आणायला सांगितली की दोघे तिघे कुंकू शोधू लागतात, कारण हिंदीत रोली म्हणजे तेच. सासूबाईंना हसू आवरत नाही. विळी आणि सुरी फळीवर ठेवू नका.

क्रिकेट का नाही? इंदुरात राहून?

कबूल आहे. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, त्या संघाचे कप्तान सी. के. नायडू इथेच स्थायिक झाले, आणि मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये करंडक आणला तेव्हा आमच्या गल्लीतही फटाके वाजले. पण अंगणातल्या क्रिकेटमध्ये दोघे खेळतात आणि दहा जण उभे राहतात. शेजारच्यांची काच फुटते ती वेगळीच. संध्याकाळी सगळं आटोपल्यावर ‘एक टप्पा आउट’ खेळा, त्याला ना नाही.

गुण कसे द्यायचे?

प्रत्येक खेळात पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला १. शून्य कोणालाच नाही. शेवटच्या खेळाचे गुण दुप्पट करायचा मोह होतो, पण करू नका. सकाळी घाम गाळलेल्यांना ते बरोबर फसवणूक वाटतं. फळा सगळ्यांना दिसेल असा टांगा आणि प्रत्येक खेळ संपताक्षणी लिहा. ‘मग लिहू’ म्हटलं की संशय येतो.

पंच कोण? भांडणं झाली तर?

पंच मुलंच. जो संघ खेळत नाही त्यातले दोघे. यजमान पहिल्या वर्षी पंच होते. प्रत्येक निर्णयावर ‘काका, तुम्ही बघितलंच नाही’ ऐकून दुपारी वर जाऊन झोपले. मुलं मोठ्यांशी वाद घालतात, पण ज्या मुलाच्या निर्णयावर आज आपण ओरडू, तोच अर्ध्या तासाने आपल्या निर्णयावर ओरडणार आहे, हे त्यांना चांगलं समजतं.

प्रत्येक संघाला दिवसभरात एक तक्रार करायची मुभा. ती झाली की चार कप्तान बाजूला जातात आणि दोन मिनिटांत ठरवतात. दोन-दोन झाले तर तो डाव पुन्हा. रडीचा डाव खेळणारा एखादा असतोच, त्याला बोलू नका. त्याचा संघ खेळत नसेल तेव्हा त्यालाच पंच करा.

आईबाबांनी थांबायचं का?

नाही. सोडा आणि जा. दोन मोठी माणसं घरात पुरतात, तीही हाकेच्या अंतरावर, अंगणात नको. एकदा एक आई दिवसभर ओट्यावर बसून मुलाला ‘स्वेटर घाल’ सांगत होत्या. त्या मुलाचा खेळ गेला, आणि स्वेटरही त्याने घातला नाही.

फोनचं काय?

दाराशी टोपली. कोणी हरकत घेत नाही, कारण मी जबरदस्ती करत नाही. खेळताना खिशातून पडून फुटला तर भरपाई नाही, एवढंच सांगते. फोटो एकच जण काढतो, आणि कोणाचे फोटो नकोत हे सकाळीच विचारून घेतो.

ज्याला खेळायचं नाही, किंवा खेळता येत नाही, त्याचं काय?

त्यालाही कामाचं काम द्या, नावापुरतं नको. घड्याळ आणि गुणफलक सांभाळणारा माणूस त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचा असतो. दमा असलेल्या एका मुलीने आमच्याकडे तीन वर्षं वेळापत्रक चालवलं, आणि तिच्या शिट्टीपुढे कोणाचं काही चालायचं नाही. दम्याचा पंप मात्र ज्याचा त्याच्याजवळ, टोपलीत नाही. अ‍ॅलर्जी आणि औषधं आई-वडिलांना आदल्या दिवशीच विचारून लिहून ठेवा.

खायला काय?

सकाळी पोहे-जिलबी. यावर चर्चा नको. तीस माणसांना तीन किलो पोहे आणि तीन किलो जिलबी पुरते. पोहे इंदुरी पद्धतीने वाफेवर ठेवले तर उशिरा येणाऱ्यालाही गरम मिळतात. वरून शेव, कांदा, जीरावन मसाला. लिंबं भरपूर.

दुपारी जड जेवण घातलंत तर दोन वाजता अंगणात कोणी दिसणार नाही. खिचडी, कढी आणि पापड पुरे. चार वाजता तळलेलं गराडू, म्हणजे इथला एक कंद, लिंबू पिळून आणि मसाला भुरभुरून. हिवाळ्यातच मिळतं, त्यामुळे पोरं त्याची वाट बघतात. शिकंजी द्यायची असेल तर सगळं संपल्यावर. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, ती दुधाची, घट्ट आणि सुक्या मेव्याची असते. ती पिऊन कोणी रस्सी खेचू शकत नाही.

पाणी माणशी दोन लिटर धरा. थंडी असली तरी घाम येतो आणि पोरं मागत नाहीत. कोणी गळून गेलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

लागलं-खुपलं तर?

गुडघे खरचटणार. साबण-पाण्याने धुवा, हळद नंतर. पाय मुरगळला तर बसवा, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा आणि पाय उंच ठेवा. चोळू नका, मग आजी काहीही म्हणोत. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायला लावतात, ते चूक आहे. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरायचा.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद, कितीही विनवण्या केल्या तरी. उलटी झाली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, तर सरळ दवाखाना. रुग्णवाहिकेचा नंबर १०८ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

शेजारी कुरकुर करतात.

आदल्या दिवशी जाऊन सांगा, आणि सकाळी पोह्यांची ताटली पाठवा. लाउडस्पीकर लावू नका. रात्री दहा ते सकाळी सहा तर त्यावर बंदीच असते, पण दिवसाही वस्तीत ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शिट्टी आणि पोरांचे गळे पुरेसे आहेत. दुपारी दोन ते तीन कोणताच आरडाओरड्याचा खेळ नाही, तेव्हा ‘आणा पाहू’ घ्या. शेजारच्या आजोबांची झोप सांभाळली की ते संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभे राहतात.

कचरा?

२०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलेल्या शहरात हा प्रश्न विचारायचा? ओला वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाकी सुका वेगळा, सकाळी गाडी येते. स्टीलचे पेले आणि पानाच्या पत्रावळी घेतल्या तर उरतंच काय? चौथ्या क्रमांकाचा संघ आवरणार असं मात्र ठरवू नका. हरणं ही शिक्षा होते. चिठ्ठी टाका.

बक्षीस काय द्यावं?

चषक, पदकं काही नाही. माळ्यावर एक पोचे पडलेला पितळी तांब्या होता, तोच फिरता करंडक. जिंकलेल्या संघाचं नाव आणि साल त्यावर खिळ्याने कोरतात. वर्षभर तो कप्तानाच्या घरी राहतो आणि डिसेंबरात चिंचेने घासून परत आणायचा. एका कप्तानाच्या आईने त्यात मनीप्लांट लावला होता.

आमच्या मुलाला पुढच्या वर्षी घ्याल का?

तेरा पूर्ण असेल तर जरूर. येताना पाण्याची बाटली आणि जुने बूट. नवे पांढरे बूट घालून पाठवू नका, काळ्या मातीचे डाग जात नाहीत, आणि मग फोन मला येतात.